दहापैकी नऊ

मराठी माणसं कुठंही गेली तरी चौघं जमली की मंडळ काढतात, आणि मंडळ निघालं की वक्तृत्व स्पर्धा आलीच. ब्रॅम्पटनच्या मंडळींनी काही वेगळं केलं नव्हतं. पंचाईत एवढीच झाली की स्पर्धेत बोलायला कुणी उरेना. मुलांना मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. मग निवृत्त झालेल्या आठ-दहा जणांनी उलटाच उद्योग काढला. आपण बोलायचं नाही, दुसऱ्यांची भाषणं ऐकायची आणि मार्क द्यायचे. महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी दोनला, लायब्ररीची मीटिंग रूम बुक करून. त्याला त्यांनी नाव दिलं श्रवणकट्टा, आणि त्या नावावरूनही तीन रविवार भांडण चाललं होतं.

परीक्षकाची खुर्ची मात्र पहिल्या दिवसापासून दीनानाथ कारखानिसांची. एकाहत्तर साली इथं आलेला माणूस. नागपूरला कॉलेजात असताना वक्तृत्वाच्या ढाली घरात ठेवायला जागा नव्हती, असं ते सांगत, आणि ते खरंही होतं. इथं येऊन त्यांनी कॉलेजात सत्तावीस वर्षं मुलांना इंग्रजी लिहायला आणि बोलायला शिकवलं. गुणपत्रिका त्यांनीच आखली होती. मांडणी, भाषा, आवाज, हावभाव, परिणाम. प्रत्येकी दहा. साडेसात मिळाले तरी लोक खूश व्हायचे, कारण दीनानाथराव नऊ कधीच देत नसत.

त्यांच्या पत्नी उमाताई दर वेळी मागच्या रांगेत बसायच्या. चहाचा थर्मास आणि चिवड्याचा डबा त्यांच्याकडे असायचा. भाषणांत त्यांना फार रस नव्हता. त्यांनी अठरा वर्षं शेजारच्या वॉन गावातल्या एका गोदामात खोकी भरली होती, आणि त्यांचं इंग्रजी तिथल्या इटालियन बायकांकडून आलेलं. ते चटचट चालायचं, पण नवऱ्याला त्याची लाज वाटायची. दीनानाथरावांनी तसं कधी तोंडाने म्हटलं नाही. चारचौघांत त्या इंग्रजी बोलू लागल्या की ते वाक्य मध्येच आपल्याकडे घेत आणि पूर्ण करत. चाळीस वर्षं त्यांनी बायकोची वाक्यं पूर्ण केली, आणि आपण तिला मदत करतोय असंच त्यांना मनापासून वाटत होतं.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी भाषण आणायची पाळी शैलेंद्रची होती. कट्ट्यावरचा हा एकटाच तरुण. पुण्याहून येऊन जेमतेम पाच वर्षं झालेली, सॉफ्टवेअरमधली नोकरी, आणि उत्साह तर असा की मंडळी दमून जायची.

"सर, आज जे आणलंय ना, ते टोटली वेगळं आहे," लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडत तो म्हणाला. "तुम्ही न्यूज फॉलो करत असाल. सुप्रीम कोर्टासाठी जस्टिस हॅलोरनचं नाव पुढे आलंय आणि विरोधक ओरडतायत, की हा ड्रंक ड्रायव्हर्सना सोडून देतो म्हणून. त्याला सपोर्ट करायला टॅलबॉट नावाचा खासदार उभा राहिला. केस पूर्ण हरलेली. आणि बारा मिनिटांत त्यानं हॉल फिरवलाय."

हॅलोरनचं नाव पुढे आल्याचं दीनानाथरावांना माहीत होतं. दोन आठवडे ते सकाळचा पेपर स्वतः आत आणत होते आणि वाचून झाला की लगेच रद्दीच्या निळ्या डब्यात टाकत होते. उमाताई पेपर वाचत नसत, पण त्यांना ते नाव वाचता आलं असतं. अकरा वर्षांपूर्वी ज्याच्यासमोर त्यांच्या अनुपच्या मृत्यूचा खटला चालला, तो हा हॅलोरन.

अनुप त्यांचा एकुलता एक मुलगा. चोविसाव्या वर्षी, एका रविवारी भर दुपारी, तो बस स्टॉपवर उभा होता. क्लबातून जेवून-पिऊन निघालेल्या एका माणसाची गाडी फुटपाथवर चढली. माणूस मोठ्या घरचा होता आणि गुन्हा त्यानं कबूल केला होता. शिक्षा झाली दोन वर्षांना एक दिवस कमी, आणि तीही तुरुंगात नाही. घरी बसून भोगायची.

शैलेंद्रला यातलं काही माहीत नव्हतं. जुन्या मंडळींपैकी विलास देवस्थळींना अपघात माहीत होता, जजचं नाव नव्हतं. 'हे भाषण नको' एवढंच दीनानाथरावांनी म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत. हरलेली बाजू कशी जिंकली हे ऐकायची त्यांना उत्सुकता होती. माणसाला लागलेली सवय अशा वेळीही सुटत नाही.

टॅलबॉट उंच, पांढऱ्या केसांचा, आवाज खर्जातला. सुरुवातीला त्यानं स्वतःवरच एक विनोद केला. मग विरोधकांचं म्हणणं त्यांच्यापेक्षा चांगल्या शब्दांत मांडलं आणि होय, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांची आपल्यालाही चीड आहे, असं सांगितलं. दीनानाथरावांनी पेन्सिलीनं कागदावर खूण केली. मग तो थांबला. पाणी प्यायला. आणि आवाज खाली आणून म्हणाला, मी तुम्हाला एका बापाची गोष्ट सांगतो.

भारतातून आलेला एक प्राध्यापक. करड्या सुटातला. ज्याचा एकुलता एक मुलगा एका दारुड्यानं मारला होता, तो बाप कोर्टात उभा राहिला आणि म्हणाला, "माझी पत्नी आणि मी सूड मागत नाही. सुडानं आमच्या टेबलावरचं तिसरं ताट भरणार नाही."

खोलीत कुणीतरी 'आई गं' म्हणालं.

"न्यायमूर्ती हॅलोरन यांनी काय केलं?" टॅलबॉट विचारत होता. "त्यांनी त्या बापाचं ऐकलं. वर्तमानपत्रांनी ऐकलं नाही, त्यांनी ऐकलं. आज जे ओरडताहेत त्यांनी ऐकलं नाही, त्यांनी ऐकलं."

इथं एक गोष्ट लपवून चालणार नाही. दीनानाथरावांना पहिल्यांदा जे वाटलं तो अभिमान होता. त्यांचं वाक्य. त्यांनी रात्रंदिवस घासून काढलेलं वाक्य देशाच्या सभागृहात बोललं गेलं होतं आणि सभागृह गप्प झालं होतं. क्षणभर त्यांची छाती भरून आली. मग मागच्या रांगेतून काहीच आवाज येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि मागे वळून बघायची त्यांची छाती झाली नाही.

भाषण संपलं. शैलेंद्र व्हाइटबोर्डवर एकेक गोष्ट लिहू लागला. आधी समोरच्याला मान्यता द्यायची, म्हणजे तो ढाल खाली ठेवतो. मग आकडे नाहीत, कायदा नाही, एकच माणूस उभा करायचा. त्याला नाव द्यायचं नाही, म्हणजे ज्याला त्याला आपला बाप आठवतो. आणि 'त्यांनी ऐकलं' हे तीनदा.

"आणि बघा सर, मास्टरस्ट्रोक काय आहे," तो म्हणाला. "जजला डिफेंड करायचं काम त्यानं व्हिक्टिमकडूनच करून घेतलं. मुलगा ज्यांचा गेला त्यांनाच जर शिक्षा नको होती, तर तुम्ही-आम्ही बोलणारे कोण? आता त्या बापाला खरंच काय म्हणायचं होतं देव जाणे. पुढे काहीतरी 'पण' असणारच. पण ते कापलं की काम झालं."

'पण' होताच. 'परंतु एका आयुष्याच्या मोलाला शोभेल असा न्याय आम्ही मागतो', असं पुढचं वाक्य होतं. अकरा वर्षांत आज पहिल्यांदा दीनानाथरावांना जाणवलं, की ते पुढचं वाक्य पुळचट होतं. सगळं कसब त्यांनी आधीच्या वाक्यावर खर्च केलं होतं.

"सर, भाषेला किती? ते ताटाचं वाक्य धरून."

सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"नऊ," दीनानाथराव म्हणाले.

टाळ्या पडल्या. नऊ कुणाला मिळाले नव्हते! शैलेंद्रनं जाता जाता सांगितलं, की हॅलोरनचं नाव तपासणारी संसदेची समिती लोकांची मतं मागवतेय, बुधवारपर्यंत ईमेल करता येईल, कुणाला इंटरेस्ट असेल तर पत्ता पाठवतो. मागच्या रांगेत उमाताईंनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. त्या दिवशी चहा कुणाला मिळालाच नाही.

गाडी उमाताई चालवत होत्या. दीनानाथरावांना बर्फात गाडीची भीती वाटायची.

"तो म्हणाला, जजनं ऐकलं," तिसऱ्या सिग्नलला त्या म्हणाल्या. "काय ऐकलं?"

"अगं, राजकारणी माणूस. काहीही जोडून..."

"अहो, मी काय विचारतेय? जजनं काय ऐकलं?"

शिक्षा ऐकवली त्या दिवशी उमाताई कोर्टात गेल्या नव्हत्या. तापानं फणफणल्या होत्या. दीनानाथरावांनी घरी येऊन सांगितलं होतं, त्यांचा वकील बडा, जज मऊ, आपलं नशीब. पुढे पोस्टानं बावीस पानी निकाल आला तो त्यांनी तळघरातल्या फायलीत ठेवून दिला. उमाताईंनी कधी मागितला नाही. एवढी पानं वाचून पोरगा थोडाच परत येणार होता.

"निकाल आणा," घरात शिरताच त्या म्हणाल्या. कोटही काढला नव्हता.

ते बेसमेंटमध्ये गेले आणि घेऊन आले. हरवला म्हणाले असते तर चाललं असतं, असं त्यांना पायऱ्या चढताना वाटलं. उमाताई डायनिंग टेबलाशी बसल्या आणि गोदामातली यादी तपासावी तसं एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या. अठराव्या पानावर बोट थांबलं. तिथं लिहिलं होतं, की मृताच्या कुटुंबानं दुर्मीळ अशा संयमानं, सूड नको असल्याचं न्यायालयाला सांगितलं आहे आणि तुरुंगवासाचा आग्रह धरलेला नाही. या उदारतेला न्यायालयानं मान देणं उचित आहे. खाली ताटाचं वाक्य होतं, अवतरणचिन्हांत.

त्यांनी ते तीन वेळा वाचलं.

"मी तुम्हाला म्हटलं होतं, त्याला जेलमध्ये टाका म्हणा. सरळ म्हणा."

"शिक्षा किती द्यायची ते आपल्याला सांगता येत नाही. तसा नियम होता, उमा. मी विचारलं होतं."

"मग जेल नको असं सांगायचा नियम होता?"

"मी तसं म्हटलं नाही! आधी समोरच्याचं मन वळवायचं असतं, मग..."

"मला बोलायचं होतं," उमाताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुम्ही म्हणालात, तू रडशील. तुझं इंग्रजी कळणार नाही. मी लिहितो, दोघांच्या नावानं वाचतो. आणि ताट माझं होतं. तो गेल्यावर मी चुकून तीन ताटं घ्यायची आणि एक परत ठेवायची. ते फक्त तुम्ही बघितलं होतं. ते तुम्ही कोर्टात नेऊन मांडलंत, आणि आज नऊ मार्क घेतलेत."

दीनानाथरावांना रडू फुटलं. लाजेनं फुटलं, दुःखानं फुटलं, दोन्ही खरं होतं. उमाताई रडल्या नाहीत. त्यांनी फक्त कोट काढून खुंटीला लावला.

मंगळवारी दुपारी त्यांनी वहीचा एक कागद नवऱ्यापुढे ठेवला. मोठ्या, गोल अक्षरांत, गोदामातल्या इंग्रजीत लिहिलेला. मराठीत सांगायचं तर तो असा होता :

'मी आई आहे. माझ्या मुलाचं नाव अनुप. भाषणात त्याचं नाव नाही, ताट आहे. माझा मुलगा ताट नाही. माझा नवरा कोर्टात छान बोलला. ते माझं बोलणं नव्हतं. मला तो माणूस जेलमध्ये पाहिजे होता. तो घरी बसून टीव्ही बघत होता. मी अठरा वर्षं खोकी भरली. खोक्यात चुकीचा माल गेला तर सुपरवायझर विचारायचा, हे कुणी भरलं? या जजला कुणी विचारलं? मला कुणी विचारलं नाही. आता मी सांगते. याला मोठा करू नका.'

"हे टाइप करा आणि पाठवा," त्या म्हणाल्या. "एक शब्द बदलायचा नाही."

"नाही बदलत."

"अनुपची शपथ?"

"अनुपची शपथ."

त्या बूट चढवून ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला बाहेर गेल्या. दीनानाथराव कॉम्प्युटरशी बसले. त्यांनी खरोखरच एक शब्द बदलला नाही. हात शिवशिवत होते तरी चुकलेलं चुकलेलंच ठेवलं. पण पूर्ण वाचून बघितल्यावर त्यांना वाटलं, की हे फार अंगावर येतंय. ओळख नाही, नमस्कार-चमत्कार नाही. समितीतला कुणी कारकून पहिली ओळ वाचेल आणि वेडी बाई म्हणून बाजूला टाकेल. उमाचं म्हणणं कुणी ऐकायचं असेल तर दार उघडायला एखादं वाक्य हवं. बदलायचं नाही असं तिनं सांगितलं होतं, वर एक वाक्य जोडायचं नाही असं काही ती म्हणाली नव्हती. बाहेर फावडं बर्फाखालच्या डांबरावर खरवडत होतं. ती परत यायच्या आत त्यांनी सगळ्यात वर लिहिलं : 'माननीय न्यायमूर्तींविषयी माझ्या मनात कोणतीही कटुता नाही, केवळ एक आई म्हणून चार शब्द लिहिण्याची अनुमती असावी.'

वाक्य चांगलं उतरलं होतं. त्यांनी ईमेल पाठवून दिला.

"पाठवलंत?" उमाताईंनी दारातूनच विचारलं. गाल लाल झाले होते.

"पाठवलं."

"जसंच्या तसं?"

"तुझा एकही शब्द बदलला नाही."

त्या संध्याकाळी उमाताई बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्या. अनुपच्या शाळेतल्या गमती सांगत बसल्या, आणि एकदा तर हसल्यासुद्धा. दीनानाथरावांना बरं वाटलं. आपण योग्य तेच केलं अशी त्यांनी स्वतःची खात्री करून घेतली.

पुढचे दिवस उमाताई रोज विचारायच्या, उत्तर आलं का. सोमवारी आलं. समितीकडून नव्हे, थेट टॅलबॉटच्या कचेरीतून, सुंदर भाषेत.

'आपल्या पत्रानं मी हेलावून गेलो. न्यायमूर्तींविषयी आपल्या मनात कोणतीही कटुता नाही, हे आपले उदार शब्द मी आज सकाळी समितीपुढे वाचून दाखवले. अकरा वर्षांपूर्वी पित्यानं दाखवलेली क्षमा आज मातेनंही दाखवली, याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणत्या न्यायाधीशाला मिळेल? समितीनं त्यांच्या नावाची शिफारस केली आहे, हे कळवताना मला आनंद होतो.'

दीनानाथरावांनी ते दोनदा वाचलं. तळघराच्या पायऱ्या शेजारीच होत्या. फाईल कुठं ठेवलीय ते त्यांना ठाऊक होतं. कागद छापला नाही, ईमेल पुसून टाकला, तर उमा आणखी महिनाभर विचारेल आणि मग विचारायचं सोडून देईल. आजवर असंच होत आलं होतं.

त्यांनी कागद छापला. स्वयंपाकघरात गेले. उमाताई भाताचं पातेलं उतरवत होत्या, आणि ओट्यावर दोन ताटं काढून ठेवलेली होती.

"उत्तर आलंय," ते म्हणाले.

"वाचा."

ढाली जिंकलेल्या माणसाला ते धड वाचता येईना. आवाज फाटत होता, शब्द अडखळत होते. 'कटुता नाही' या शब्दांशी उमाताईंनी मान वर केली.

"हे मी लिहिलं नव्हतं."

"नाही."

"कुणी भरलं हे?"

"मी," दीनानाथराव म्हणाले. "वरती फक्त एक वाक्य... त्यांनी पुढचं वाचावं म्हणून, उमा. तुझ्यासाठीच..."

"पुढचं त्यांनी वाचलं?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"शपथ कुणाची घेतली होतीत?"



उमाताईंनी दोन ताटांतलं एक उचललं, पुसलं आणि फडताळात परत ठेवलं. उरलेल्या ताटात भात घेतला, वरण घेतलं, टेबलाशी जाऊन बसल्या आणि जेवू लागल्या. दीनानाथराव कागद हातात धरून ओट्याशी उभे होते. उमाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.